थोरल्या आजोबांनी विकलेले शेत

गावाकडे मूळ असलेल्या बहुतेक घरांत एक शेत असे असते, की जे आता आपले नाही, पण ज्याचे नाव अजून आपल्या तोंडी आहे. कोणाचा आंब्याचा मळा, कोणाची ओढ्याकडची पट्टी, कोणाची थोरली विहीर. ते केव्हातरी विकले गेले. कोणी विकले, हे सगळ्यांना ठाऊक असते. का विकले, हे मात्र कोणालाच नीट सांगता येत नाही. विकणारा गेला, घेणारा गेला, साक्षीदारही गेले. राहिले ते एक वाक्य : “थोरल्यांनी परस्पर विकले हो. आमच्या आजोबांची त्यावर सहीसुद्धा नाही.”

हे वाक्य पन्नास-साठ वर्षे घरात पडून असते आणि कोणाला फारसे टोचत नाही. मग शेजारून मोठा रस्ता जातो, जमिनीचा भाव एकरावरून गुंठ्यावर येतो आणि त्या वाक्याला एकाएकी धार चढते. नातवंडे तलाठ्याकडून उतारे काढू लागतात. चुलत घरी लग्नाची पत्रिका जाते, पण माणूस जात नाही. काय झाले होते, हे कळण्याच्या आधीच कोण दोषी ते ठरून गेलेले असते.

मी वकील नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पण जुने कागद वाचणे हा आमच्या विषयाचाच भाग असल्यामुळे असे उतारे घेऊन येणारी मंडळी अधूनमधून घरी येतात. कोर्टाची पायरी चढावी की नाही, हे मी त्यांना सांगत नाही. कागद काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, एवढेच सांगतो. तुमच्याही घरात असे एखादे शेत असेल, तर तेवढे कळलेले बरे.

पहिला प्रश्न असा, की ज्याला तुम्ही ‘विक्री’ म्हणता ती खरोखरच विक्री होती का? मला आढळलेले आहे, की ज्याला घरात ‘विकले’ म्हणतात त्यात निरनिराळे व्यवहार कोंबलेले असतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात तर हमखास निघणारा प्रकार म्हणजे कुळकायदा. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी, ज्याला कृषक दिन म्हणतात, कसणारे कूळ हे कायद्यानेच जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत आजोबांनी ठरवली नाही. ती शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवली. सामान्य कुळाच्या बाबतीत ती आकाराच्या, म्हणजे सरकारी साऱ्याच्या, २० पटींपासून २०० पटींपर्यंत धरायची होती. विहीर, झाडे, बांधकाम यांची किंमत वेगळी. आता ज्या शेताचा आकार पाच रुपये, त्याची किंमत शंभर ते हजार रुपयांत बसणार, हे उघड आहे. “आजोबांनी कवडीमोलाने विकले,” असे जे आपण म्हणतो, त्यातल्या कितीतरी ठिकाणी आजोबांना विकायची की नाही, हे कोणी विचारलेलेच नव्हते. फेरफारात ‘३२ ग’ असा उल्लेख दिसला, की समजावे, येथे घरातल्या कोणावर संशय घेण्याचे कारण नाही. मराठवाड्याला १९५० चा हैदराबादचा कायदा होता आणि विदर्भाला १९५८ चा निराळा. तिकडच्या वाचकांनी तारखा त्याप्रमाणे पाहाव्यात.

दुसरा प्रकार मुदतखरेदीचा. कागद खरेदीखताचा, पण पोटात गहाण. अमुक वर्षांत पैसे फेडले तर जमीन परत, नाहीतर कायमची गेली, असा हा व्यवहार. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरले. त्या दंग्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने कोर्टाला कर्जाचा मागचा सगळा इतिहास उकरून पाहण्याची मुभा दिली. विद्यार्थ्यांना हे शिकवताना मी नेहमी सांगतो, की हे प्रकरण पुस्तकात संपले तरी तुमच्या घरच्या पेटीत संपलेले नाही. परत देण्याची अट त्याच कागदात लिहिलेली असेल, तरच तो व्यवहार गहाण ठरू शकतो, असे १९२९ च्या दुरुस्तीने ठरले. अट वेगळ्या कागदावर असेल, तर ती खरी विक्री आणि तो फेरखरेदीचा नुसता करार. त्याची तारीख हुकली की संपले. गहाण असेल तर ते सोडवायला पूर्वी साठ वर्षांची मुदत होती. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने ती तीस वर्षांवर आणली.

बरे, धरून चालू की खरोखरच विक्री झाली. मग कागद मागवायचे. घरच्या पेटीत सापडला तर उत्तमच, पण नाही सापडला म्हणून हताश होऊ नका. नोंदलेल्या खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मिळते. कोणत्या साली, कोणी, कोणाला लिहून दिले याची तिथे सूची असते आणि स्थावराच्या दस्तांची ही पुस्तके फी भरून कोणालाही पाहता येतात. मी कोण, माझे नाते काय, हे सिद्ध करावे लागत नाही. दुसरा कागद म्हणजे गाव नमुना सहा, फेरफारांची नोंदवही. सातबाऱ्यावर आजचे नाव दिसते. ते नाव तिथे कसे आले, ही गोष्ट फेरफारात असते. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे हे त्या फेरफारांचे क्रमांक. ते धरून एकेक पायरी मागे जायचे. जुन्या नोंदी कुठे कुठे मोडीत निघतात, तेव्हा मोडी वाचणारा म्हातारा गाठावा लागतो. अलीकडे तरुण मंडळीही मोडी शिकू लागली आहेत, ही चांगली गोष्ट आहे.

एक लक्षात ठेवा. फेरफार म्हणजे मालकी नव्हे. तो सारा कोणाकडून घ्यायचा याचा सरकारी हिशेब आहे. नोंद खरी मानून चालतात, पण ती खोटी ठरवता येते, आणि नुसत्या नोंदीने कोणी मालक होत नाही किंवा कोणाची मालकी जात नाही. हे दोन्ही बाजूंनी लागू आहे, आणि आपल्याला सोयीची तेवढीच बाजू लोक लक्षात ठेवतात.

आता त्या उताऱ्यांत दोन छोटी अक्षरजुळणी पाहा. पहिली ‘ए.कु.मॅ.’ याचा अर्थ ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’. अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी अशी ही संज्ञा जुन्या कारभारात रुळलेली आहे. थोरल्या आजोबांच्या नावापुढे ही अक्षरे असतील, तर ते शेत एकट्याचे नव्हते, ते घराच्या वतीने नावावर होते. नुसते त्यांचेच नाव दिसते म्हणून “सगळे त्यांचेच होते” असे एक शाखा म्हणते आणि “आमचे नाव मुद्दाम घातले नाही” असे दुसरी म्हणते, दोन्ही चूक. त्या काळी थोरल्याचेच नाव लागे. दुसरी जुळणी ‘अ.पा.क.’, अज्ञान पालनकर्ता. म्हणजे मालक अठराच्या आतला आहे आणि कोणीतरी त्याच्या वतीने पाहतो आहे. या दोन अक्षरांनी प्रश्नाची दिशा बदलते.

कर्त्याला, म्हणजे या मॅनेजराला, एकत्र कुटुंबाची जमीन इतरांच्या सह्यांशिवाय विकता येते का? येते; पण कधीही नव्हे. कुटुंबाची खरी गरज असेल किंवा मिळकतीचे हित असेल, तरच. ही रेषा ठळक केली ती लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, १८५६ च्या एका निकालात. तिथे अज्ञान वारसाच्या आईने मिळकत गहाण टाकली होती. न्यायाधीशांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की दुसऱ्याची मिळकत सांभाळणाऱ्याचा अधिकार मर्यादित आहे. पैसे देणाऱ्याने गरज खरी आहे की नाही याची वाजवी चौकशी केली पाहिजे. पण ती त्याने प्रामाणिकपणे केली असेल, तर पुढे ते पैसे खरोखर त्याच कामाला लागले की नाही, हे पाहत बसण्याची जबाबदारी त्याची नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी जरा थांबा, कारण बहुतेक घरांचा संशय नेमका इथेच घोटाळतो. थोरल्यांनी कर्जफेडीसाठी शेत विकले आणि त्यातले काही पैसे बैलजोडीत किंवा अगदी तमाशात घातले, तरी घेणाऱ्याने नीट चौकशी केली असेल तर त्याची खरेदी मोडत नाही. तो हिशेब थोरले आणि घर यांच्यातला. आपण मात्र तो हिशेब तिसऱ्याच माणसाच्या नातवाकडे मागायला जातो.

गरज कशाला म्हणायचे? सरकारी सारा, घरातल्या माणसांचे पोटपाणी, मुलामुलींची लग्ने, श्राद्धादि आवश्यक विधी, घरावर बांधील असलेले कर्ज, मिळकत वाचवण्यासाठी लढवलेला दावा. आणि समजा, अशी कोणतीही गरज सिद्ध झाली नाही. तरीही तो व्यवहार आपोआप रद्द होत नाही. ज्यांचा हिस्सा गेला त्यांनी वेळेत तक्रार केली तर तो त्यांच्यापुरता मोडता येतो. शिवाय आपल्या मुंबई इलाख्याच्या हिंदू कायद्यात सहहिस्सेदाराला स्वतःचा अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकता येई. तेव्हा विकणाऱ्याचा स्वतःचा हिस्सा तरी गेलाच. बक्षीसपत्राची गोष्ट वेगळी. एकत्र कुटुंबाची जमीन कर्त्याने फुकट देऊन टाकली, असे फारच थोड्या बाबतीत चालते.

माझ्या माहितीतल्या एका घराचे उदाहरण सांगतो. नावगावाची जरूर नाही. थोरल्यांनी १९५४ साली नऊ एकर दोन हजार रुपयांना विकले. धाकट्या शाखेतल्या नातवंडांचे म्हणणे, एवढ्या थोड्या किमतीत? म्हणजे वरचे पैसे लपवले! आता १९५० च्या सुमारास सोने तोळ्याला शंभराच्या थोडे वर होते. म्हणजे ती रक्कम अठरा-एकोणीस तोळ्यांची झाली. कोरडवाहू, ओढ्याने खाल्लेल्या जमिनीला ती त्या वेळी थोडी की पुष्कळ, हे आजच्या गुंठ्याच्या भावावरून ठरत नाही. ते ठरवायचे तर सूचीत त्याच गावची, त्याच एक-दोन वर्षांची आणखी चार खरेदीखते शोधायची. त्यांनी ती शोधली. भाव साधारण तोच निघाला.

मग खरेदीखताची नक्कल आली. जुन्या दस्तांत रक्कम कशी पोहोचली याचा तपशील असतो. तो भाग लोक घाईघाईने उलटतात आणि चतुःसीमा वाचत बसतात. माझे म्हणणे, चतुःसीमा मागाहून वाचा, भरणा आधी वाचा. दोन हजारांपैकी चौदाशे रुपये घेणाऱ्याने परस्पर सावकाराला दिले होते आणि सावकाराने फेडून घेतलेल्या कर्जाची तारीख दस्तात होती. ती तारीख विक्रीच्या सहा वर्षे आधीची. उरलेले सहाशे ‘घरखर्च व लग्नकार्य’ म्हणून रोख. त्याच साली घरात एका मुलीचे लग्न झाल्याचे सर्वांना आठवत होते. ‘गरजेसाठी विकतो’ असे नुसते लिहिलेले असणे म्हणजे पक्का पुरावा नव्हे, कारण लिहिणारा बोरूबहाद्दर ते सगळ्याच दस्तांत लिहीत असे. पण साक्षीदार उरले नाहीत, इतका काळ लोटला, की अशा मजकुराला कोर्टही वजन देते. त्यातून कर्जाचा असा तारीखवार तपशील असेल, तर बोलायला फारशी जागा राहत नाही. सहाशे रुपयांचे पुढे काय झाले? ते आज सत्तर वर्षांनी कोणीही सांगू शकणार नाही, आणि ते न सांगता येणे म्हणजे चोरी नव्हे.

मुदतीचेही सांगितले पाहिजे, कारण “आम्हाला आत्ताच कळले” हे वाक्य मी फार ऐकतो. वडिलांनी केलेली वडिलोपार्जित मिळकतीची विक्री मोडून मागायला मुलाला बारा वर्षे मिळतात, आणि ती मोजायची घेणाऱ्याने ताबा घेतला त्या दिवसापासून. ताबा परत मागण्याच्या इतर दाव्यांनाही सामान्यतः बाराच वर्षे. मूल त्या वेळी अज्ञान असेल, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षे. त्याहून अधिक सवलत नाही. वाटणीत अज्ञानाच्या एकट्याच्या मालकीची झालेली जमीन त्याच्या आईने किंवा बापाने कोर्टाच्या परवानगीशिवाय विकली असेल, तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे त्या मुलाला ती विक्री नाकारता येते; पण तीही सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याला मात्र ही परवानगीची अट लागू नाही, म्हणून वर सांगितलेली ती दोन अक्षरे नीट पाहायची. फसवणूक झाली असेल तर मुदत ती उघडकीला आल्यापासून धरतात, हे खरे. पण दस्त नोंदलेला, शेत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दुसरा कसतो आहे, आणि आपण म्हणायचे आम्हाला कळले नाही, हे न्यायाधीशाला पटवणे अवघड आहे.

हे सारे ऐकून त्या घरातल्या धाकट्या शाखेची तोंडे उतरली. इतकी वर्षे जपलेली तक्रार हातातून गेली, याचेही माणसाला दुःख होते! पण फेरफारांची पाने आता काढलीच होती, म्हणून पुढची वाचली. १९५८ साली दोघा भावांची वाटणी झाल्याची नोंद. १९६८ साली धाकटे आजोबा वारल्याची वारसनोंद. तीत नावे फक्त दोन मुलग्यांची. १९७२ च्या दुष्काळात त्या दोन मुलग्यांनी एक शेत विकले, सह्या दोघांच्याच. आणि या दोघांची एक बहीण होती. होती म्हणजे, आहे. ऐंशीच्या पुढची ती आत्या आतल्या खोलीत बसली होती आणि थोरल्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांत तिचाच आवाज मोठा होता.

तिचे नाव का नाही? “तिचे लग्न झाले होते ना,” हे उत्तर. पण १७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायदा लागू झाला, आणि त्यानंतर वारलेल्या बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी मुलग्यांच्या बरोबरीने वारस असते, लग्न झालेले असो वा नसो. १९५४ च्या विक्रीच्या वेळी हा कायदा नव्हता. १९७२ साली होता. वारस म्हणून आलेला बहिणीचा हिस्सा भावांनी तिच्या सहीशिवाय विकला, तर ती विक्री तिला आपोआप बांधत नाही. थोरल्यांना कर्ता म्हणून जो अधिकार होता, तो इथे भावांना सांगता येत नाही. पुढे २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच मुलग्यासारखा हक्क दिला आणि त्यासाठी बाप २००५ साली हयात असण्याची जरूर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या विक्री आणि वाटण्या या दुरुस्तीने उकरल्या जात नाहीत.

१९७२ साली विकलेल्या शेताचे आता काही होण्यासारखे नाही. घेणाऱ्याची वहिवाट बारा वर्षांच्या कितीतरी पलीकडे गेली. पण जे शेत विकलेले नाही, त्याचे काय? सहहिस्सेदाराचे नाव सातबाऱ्यावर नाही म्हणून त्याचा हक्क संपत नाही, आणि एका हिस्सेदाराचा ताबा हा कायद्याने सगळ्यांचा ताबा समजतात. ‘तुझा काही संबंध नाही’ असे उघडपणे सांगून तिला बाहेर काढल्याशिवाय तिच्याविरुद्ध मुदत सुरूच होत नाही. आत्याने हक्कसोडपत्र लिहून दिले होते का? नाही. नोंदलेल्या हक्कसोडपत्राशिवाय, भाऊबीजेला साडी घेतली म्हणून, जमिनीतला हक्क सुटत नसतो. तिचा हिस्सा नेमका किती, हा आकडा वकिलाने काढायचा. आजी कधी वारली, कोणती जमीन वडिलोपार्जित आणि कोणती स्वकष्टार्जित, यावर तो अवलंबून आहे. पण काहीच नाही, हे उत्तर बरोबर नव्हे.

मी हे बोललो तेव्हा खोलीत कोणी बोलले नाही. मोठा पुतण्या उतारा पुन्हा वाचू लागला. आत्या म्हणाली, “मला काय करायचंय आता? पण माझं नाव कुठं असायला हवं होतं, ते दाखव.” त्याने चष्मा लावून १९६८ च्या नोंदीवर बोट ठेवले. वारसनोंदीत राहून गेलेले नाव लावण्यासाठी तिच्या जन्माचा किंवा शाळेचा दाखला, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांचे जबाब लागतील, असे त्याने एका कागदावर उतरून घेतले. शाळेचा दाखला मिळतो का, ते पाहायला तो दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेत जाणार होता.